खार पातळ का झाला?

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात एक तरी माणूस अळणी जेवतं. त्याची आमटी वेगळ्या पातेलीत उकळते, त्याच्या पानात लोणच्याची जागा रिकामी असते, आणि पापड भाजल्याचा वास आला की ते शहाण्यासारखं खिडकीबाहेर बघत बसतं. बदलापूरच्या टिपणीसांकडे ते माणूस म्हणजे मधूभाऊ. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात शिफ्ट ऑफिसर म्हणून त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. रक्तदाब निघाला तेव्हा डॉक्टरांनी त्यांना दोन गोष्टी सोडायला सांगितल्या, सिगरेट आणि मीठ. सिगरेट त्यांनी स्वतःहून सोडली. मीठ मात्र वृंदाताईंनी सोडवलं, आणि ते काम त्यांनी पोलिसाच्या कडकपणाने केलं.

खरं तर वृंदाताईंच्या हाताला मिठाची देणगी होती. खारातल्या कैऱ्या, सोड्याची खिचडी, सुकटीची चटणी, यातलं काहीही त्यांनी केलं की चार घरांत वाटी जायची. पण नवरा अळणी खातो आणि आपण चवीने जेवायचं हे त्यांना जमेना. त्यांनी सगळंच बंद केलं. खाराची मोठी बरणी पालथी घालून माळ्यावर गेली, आणि घरात हळूहळू बोलणंही कमी झालं. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. जेवायला बसलं की "भाजी घेता?" आणि "पुरे" एवढ्यावर काम भागायचं. मुलगा समीर आपल्या बिऱ्हाडासह अंबरनाथला राहायला गेल्यावर तर दोघांत टीव्हीच जास्त बोलायचा.

अशा घरात एका चैत्रात अचानक मिठाचे दिवस आले!

झालं असं की, मधूभाऊंना एका दुपारी मळमळून उलटी झाली आणि पाय लटपटायला लागले. समीर धावत आला. जवळच्याच एका दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, आणि डॉक्टर म्हणाले, "सोडियम बरंच उतरलंय." सोडियम म्हणजे आपल्या रक्तातलं मीठ, एवढं वृंदाताईंना समजलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, रक्तदाबाची एक गोळी लघवी वाढवणारी होती ती बंद केली, आणि घरी सोडताना सांगितलं, "या गोळीने कधीकधी होतं असं. अळणी जेवण आता पुरे, थोडं मीठ खाऊ द्या. पण रक्त परत तपासा. गोळी बंद करूनही पुन्हा उतरलं, तर मात्र कारण शोधावं लागेल."

आता, वाचकहो, डॉक्टर चार वाक्यं बोलतात आणि आपण त्यातलं आपल्या सोयीचं एक घरी घेऊन येतो, हे तुम्हीही जाणता. टिपणीसांनी "मीठ खाऊ द्या" एवढंच घरी आणलं. बाकीचं दवाखान्याच्या दारातच राहिलं.

मग काय विचारता! वृंदाताईंनी माळ्यावरची बरणी उतरवली, उन्हात तापवली. कैऱ्या एकेक करून पुसल्या, मिठाचं पाणी उकळून गार केलं. शेजारच्या सगुणाबाई सांडगी मिरच्या घेऊन आल्या. "खा भाऊ, खा. आता डॉक्टरचीच चिठ्ठी आहे म्हटल्यावर कुणाची हिंमत आहे अडवायची?" असं म्हणून त्यांनी वृंदाताईंकडे बघत डोळे मिचकावले. जेवणाआधी लिंबू-मिठाचं सरबत, जेवणात खार, संध्याकाळी परत सरबत. पहिली सोड्याची खिचडी पानात पडली तेव्हा मधूभाऊंनी घास तोंडात धरून डोळे मिटले. वृंदाताईंना भरून आलं.

आणि मिठाबरोबर बोलणंही परत आलं.

संध्याकाळी गॅलरीत बसलं की मधूभाऊ जुन्या गोष्टी काढायचे. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधली त्यांची पहिली खोली. खाली कापडाचं दुकान, वर सिंधी घरमालकीण, आणि पाहुणा आला की पाण्याबरोबर भाजलेला पापड पुढे करायची तिची पद्धत. कारखान्याचा भोंगा. सुटीच्या दिवशी अंबरनाथच्या शिवमंदिराच्या आवारात घेतलेली सावली. शर्टाच्या बाहीवर बसलेला निळा रंग, जो वृंदाताईंनी कितीदा धुतला तरी गेला नाही.

सगळ्यात जास्त वेळा ते सांगायचे जांभळांची गोष्ट. लग्नाला महिनाही झाला नव्हता. दोघं बदलापूरला नदीकाठी फिरायला आली होती. तिथे चामटोलीची बकुळा, तीही तेव्हा नवी नवरीच, पाटी घेऊन बसली होती. जांभळं घेतली, पण मिठाशिवाय जांभूळ खायचं कसं? तेव्हा बकुळेने आपल्या भाकरीच्या फडक्यात बांधलेली मिठाची पुरचुंडी सोडली आणि चिमूटभर मीठ वृंदाताईंच्या तळहातावर ठेवलं. दोघांच्या जिभा जांभळ्या झाल्या आणि दोघं एकमेकांना जिभा दाखवत हसली होती.

"आणि आनंदा कसा हसत होता, आठवतं?" मधूभाऊ म्हणायचे. "मीठ त्यानेच तर आणून दिलं पळत जाऊन."

वृंदाताई क्षणभर थबकायच्या. मग म्हणायच्या, "हो, आठवतं ना."

इतक्या वर्षांनी नवरा असा भरभरून बोलतोय, त्याला कोण टोकणार? त्या पुढे सरकून बसायच्या, सरबताचा पेला त्यांच्या हातात द्यायच्या. आपल्या संसाराला पुन्हा चव आली असंच त्यांना वाटत होतं.

वैशाखात सोडियम पुन्हा उतरलं. पुन्हा दवाखाना, पुन्हा सलाईन. या वेळी ड्युटीवर दुसरेच डॉक्टर होते. आकडा वर आला, घरी सोडलं. समीर आता सरावला होता. "टेन्शन नको घेऊ आई," तो म्हणाला. "दोन दिवसांत वर येतं. टाकीतलं पाणी संपलं की आपण टँकर मागवतो ना, तसं समज." मधूभाऊंची पँट कमरेला ढिली व्हायला लागली होती, तर वृंदाताईंनी पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं. कोरडा खोकला यायचा, तर "तो त्यांचा कंपनीतला जुनाच" म्हणून सोडून दिला. संध्याकाळच्या गप्पा चालू होत्या ना, मग झालं!

बरणीतल्या कैऱ्या मुरल्या तेव्हा वृंदाताईंना जुनी रीत आठवली. कॅम्प तीनमध्ये राहत असताना खाराची पहिली बाटली नेहमी तिथल्या सिंधी डॉक्टरांकडे जायची. मोठे डॉक्टर आता नव्हते, पण त्यांचा दवाखाना त्यांची मुलगी किर्ती चालवत होती. वृंदाताईंच्या बाळंतपणापासून समीरच्या गोवरापर्यंत सगळं त्या एका खोलीने पाहिलं होतं. बदलापूरला आल्यावर मात्र जाणं सुटलं. तब्येत दाखवायला एवढ्या लांब कोण जाणार?

"मीही येतो," मधूभाऊ म्हणाले. "किती दिवस झाले कॅम्प बघितला नाही."

उल्हासनगर स्टेशनाबाहेर दोघं शेअर रिक्षात बसली. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. जिथे त्यांची खोली होती तिथे आता जीन्स शिवायच्या मशिनी धडधडत होत्या आणि निळ्या पँटींचे गठ्ठे दारापर्यंत आले होते. "बघ, माझ्या शर्टाचा रंग सगळ्या गल्लीला लागला!" मधूभाऊ म्हणाले, आणि वृंदाताई रिक्षातून उतरता उतरता खळखळून हसल्या.

दवाखान्यात डॉक्टर किर्तींनी दोघांना बघितलं आणि खुर्चीवरून उठूनच आल्या. केस पांढरे झाले होते, आवाज तोच होता, आणि मधूभाऊंना 'साईं' म्हणायची सवयही तीच. "अरे भाभी! काय साईं! रस्ता विसरलात की काय आमचा?" आतून पापड आला, पाण्याचे ग्लास आले, अगदी पूर्वीसारखे. वृंदाताईंनी पिशवीतून खाराची बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी झाकण उघडून वास घेतला. "बस, बाबूजींची आठवण आली. ते जेवताना दुसरं काही मागायचे नाहीत."

मधूभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. "मोठे डॉक्टर आत आहेत का? त्यांना जरा सांग मी आलोय म्हणून."

डॉक्टर किर्तींनी बाटलीचं झाकण हळूच लावलं. त्यांच्या वडिलांच्या अंत्ययात्रेत मधूभाऊंनी खांदा दिला होता.

"जुन्या आठवणींत रमतात हल्ली," वृंदाताई घाईघाईने म्हणाल्या. "छान वाटतं त्यांना. मलाही."

"अच्छा," डॉक्टर म्हणाल्या. मग मधूभाऊंजवळ बसून त्यांनी सहज विचारल्यासारखं एकेक विचारायला सुरुवात केली. आज वार कोणता? सकाळी काय खाल्लं? मधूभाऊ हसत टाळत होते. मध्येच त्यांनी जांभळांची गोष्ट काढली. आनंदा कसा पळत गेला, कसं मीठ आणलं, सगळं रंगवून सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, छाती तपासली, बोटांची नखं निरखली, आणि कंपाउंडरला त्यांना वजन करायला बाहेर न्यायला सांगितलं.

मग त्या वृंदाताईंकडे वळल्या. "भाभी, एक विचारते, राग मानू नका हां. ते सांगतात तसंच झालं होतं का?"

वृंदाताईंनी हातातला पापड खाली ठेवला. "आनंदा... आनंदा त्यांचा धाकटा भाऊ. आमच्या लग्नाच्या आधीच तापाने गेला. मी त्याला बघितलंही नाही कधी."

"आणि तुम्ही काय म्हणता, ते असं सांगतात तेव्हा?"

"मी... हो म्हणते."

बाहेर बाजाराचा गलका चालू होता. डॉक्टरांनी वृंदाताईंच्या हातावर हात ठेवला. "भाभी, या आठवणी नाहीत. हा गोंधळ आहे. सोडियम उतरलं की मेंदू असा भरकटतो. तुम्हाला वाटलं नवरा परत बोलायला लागला. मला समजतं. पण तो आजार बोलतोय."

वृंदाताईंना झोंबलं. "अहो, पण आम्ही मीठ देतोय ना! डॉक्टरांनीच सांगितलं. रोज सरबत, रोज खार. दोनदा सलाईन लावून झालं. वर येतं की ते!"

"येतं, आणि परत खाली जातं. का?"

"का म्हणजे?"

डॉक्टर किर्तींनी टेबलावरची बाटली पुढे ओढली. "हे बघा. समजा तुमच्या बरणीतला खार पातळ झाला. तुम्ही काय करणार? मूठभर मीठ टाकून झाकण लावून देणार?"

"छे! कैऱ्या सडतील सगळ्या. पाणी कुठून सुटलं ते आधी बघायला नको? एखादी कैरी ओली राहिली असेल, किंवा आतून खराब झाली असेल. ती शोधून बाहेर काढायची."

हे बोलता बोलता वृंदाताईंचा आवाज खाली गेला.

"बस्स. मी दुसरं काय सांगतेय?" डॉक्टर म्हणाल्या. "साईंच्या रक्तात मीठ कमी नाही पडलंय भाभी, बहुतेक पाणी जास्त झालंय. लघवीवाटे जायला पाहिजे ते पाणी शरीर धरून ठेवतंय. आणि तुम्ही मीठ घालून वरून आणखी पाणीच पाजताय. असं का होतं? पुष्कळ कारणं आहेत. गोळ्यांनी होतं, पण ती गोळी तर बंद झालीय. थायरॉईडने होतं, किडनीने होतं. आणि कधीकधी फुफ्फुसात गाठ असते. ती रक्तात असं काही सोडते की शरीर पाणी सोडतच नाही. खोकला आहे, वजन उतरलंय, इतकी वर्षं सिगरेट ओढलीय. मला ते बघायलाच पाहिजे."

"गाठ म्हणजे..." वृंदाताईंनी तो शब्द उच्चारला नाही.

"कॅन्सर असू शकतो. नसूही शकतो. नसला तर मी स्वतः बदलापूरला येऊन तुमची खिचडी खाईन. पण बघितल्याशिवाय नाही सांगता येणार. आज रक्त घेते, समीरला फोन लावते, आजच ऍडमिट करू या."

"आज नको," वृंदाताई चटकन उठल्या. "समीर कामावर असेल. उद्या सकाळी आम्ही सगळेच येतो."

"भाभी..."

"उद्या नक्की!"

डॉक्टरांनी रक्त तेवढं घेतलं आणि उद्याचं वचनही.

परत येताना वृंदाताई मनातल्या मनात डॉक्टर किर्तींवर चिडल्या होत्या. प्रेमाने खार घेऊन गेलो आणि तिने भलतंच काढलं. त्यांना तपासण्यांची भीती होतीच. पण आणखी एक भीती होती, ती त्या कुणाला सांगू शकत नव्हत्या. आजार बरा झाला तर या संध्याकाळी संपणार. नवरा पुन्हा "पुरे" म्हणणार आणि टीव्हीकडे बघणार. एवढी वर्षं वाट बघून जे मिळालं होतं, ते खोटं निघावं हे त्यांना सोसवेना. समीरला फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर म्हणते काही टेस्ट करू. बघू उद्या."

"आई, उगाच नको ते शोधत बसायचं का? वय झालं की होतंच असं," समीर म्हणाला. तोही घाबरलाच होता.

सकाळी वृंदाताईंना जाग आली तेव्हा पलंगाची शेजारची बाजू रिकामी होती. दार उघडं होतं. त्या तशाच खाली धावल्या. इमारतीच्या फाटकाशी मधूभाऊ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात रिकामा डबा. वॉचमन त्यांना समजावत होता आणि ते त्याच्यावर डाफरत होते. "भोंगा झाला, ऐकू नाही आला तुला? फर्स्ट शिफ्टला उशीर होतोय!"

"अहो! अहो, काय करताय हे?" वृंदाताईंनी त्यांचा दंड धरला.

मधूभाऊंनी हात हळूच सोडवून घेतला. परक्या बाईशी बोलावं तसं ते अदबीने बोलले. "बाई, तुम्ही इथल्याच ना? एक काम कराल? टिपणीसांच्या घरी निरोप द्या. म्हणावं, आज मी डबल शिफ्ट करणार आहे, वृंदाला म्हणावं जेवून घे."

वृंदाताईंना आता कळलं. समोर उभी असलेली वृंदा मधूभाऊंना ओळखू येत नव्हती! आणि तरीही, कुठल्या तरी जुन्या सकाळी अडकलेला तो माणूस तिच्याच जेवणाची काळजी करत होता. ज्या बोलण्याला आपण संसाराची चव समजलो, त्याच्या आड हा असा एकटा हरवत चालला होता, आणि आपण रोज संध्याकाळी त्याला सरबत पाजून "हो, आठवतं ना" म्हणत होतो!

त्या रडल्या नाहीत. त्यांनी डबा हातात घेतला आणि म्हणाल्या, "चला, रिक्षा आली आहे. मी सोडते तुम्हाला कंपनीत."

फोन मिळताच समीर गाडी घेऊन आला, दोघांना बसवलं आणि नेहमीच्याच दवाखान्याकडे वळायला लागला. "आधी सलाईन लावून घेऊ आई, मग बघू."

"सलाईन लावायचंच असेल तर लावतील," वृंदाताई म्हणाल्या. त्यांचा असा आवाज समीरने लहानपणानंतर ऐकला नव्हता. "पण आकडा वर आणून घरी परत यायचं नाही आता. का उतरतंय, ते कळल्याशिवाय मी त्यांना घरी आणणार नाही. डॉक्टर किर्तीला फोन लाव. ती सांगेल तिथे घे गाडी."

डॉक्टर किर्तींनी एका मोठ्या रुग्णालयात आधीच फोन करून ठेवला होता. आदल्या दिवशीच्या रक्ताचा आकडा आला होता आणि तो धोक्याच्या पातळीच्याही खाली होता. रुग्णालयात मधूभाऊंचं सोडियम सावकाश, जपून वर आणलं. एकदम चढवलं तर मेंदूला इजा होते, हेही समीरला तिथेच कळलं. आणि मग पाणी मोजून द्यायला सुरुवात झाली. पाणी कमी केलं आणि आकडा टिकायला लागला, हे बघून वृंदाताईंनी कपाळाला हात लावला. मग छातीचा सीटी स्कॅन झाला. उजव्या फुफ्फुसाच्या मुळाशी, श्वासनलिकेला लागून एक गाठ होती. तिचा तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला, आणि तोही झपाट्याने वाढणारा.

समीर रुग्णालयाच्या जिन्यात बसून ढसाढसा रडला. "मी टँकर म्हणालो होतो आई. टँकर!"

"मी पण सरबतच करत बसले होते ना," वृंदाताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "ऊठ. बाबांना भूक लागली असेल."

तिथल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी त्या दोघांना समोर बसवून स्वच्छ शब्दांत सांगितलं. आजार वाईट आहे, पण छातीच्या एकाच बाजूला आहे, दूर पसरलेला नाही. औषधांना आणि किरणांना तो बहुधा चांगला दबतो. पुढे काय होईल याची हमी कुणी देणार नाही. पण आणखी दोन-चार महिने नुसता आकडा चढवत बसला असतात, तर हे बोलायलाही काही उरलं नसतं.

डॉक्टर किर्ती भेटायला आल्या तेव्हा वृंदाताईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. "मी त्या दिवशी तुमच्यावर चिडले होते."

"माहीत आहे मला. रिक्षात बसताना तुम्ही मागे वळून बघितलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "चिडा ना भाभी. फक्त विचारायचं सोडू नका. शरीर काहीतरी सांगत असतं. आपण त्याचं तोंड बंद करतो आणि म्हणतो, बरं झालं, गप्प बसलं."

उपचार लांबले. केस गेले, तोंड आलं, जिभेची चव गेली. काही दिवस असे होते की मधूभाऊ भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे आणि वृंदाताई नुसत्या शेजारी बसायच्या. पण आकडा स्थिर होता आणि गाठ आकसत होती. डोकं ताळ्यावर आलं तसे मधूभाऊ कमी बोलायला लागले. वृंदाताईंना जी भीती होती, ती खरी ठरली. तरी आता त्या वाट बघत बसल्या नाहीत. त्यांनीच टीव्ही बंद केला, त्यांनीच खुर्च्या गॅलरीत नेल्या, आणि त्याच बोलायला लागल्या. आधी "हूं" आलं, मग "मग?" आलं. एवढी वर्षं आपणही "भाजी घेता?" च्या पुढे गेलो नव्हतो, हे त्यांना तेव्हा उमगलं.

पुढच्या वर्षी जांभळांचे दिवस आले तेव्हा दोघं हळूहळू चालत नदीकाठी गेली. मधूभाऊंच्या डोक्यावर विरळ पांढरे केस पुन्हा उगवले होते. चामटोलीची बकुळा पाटी घेऊन बसलीच होती. आता तिच्याही तोंडात मोजकेच दात उरले होते.

"काय गो बाय, लय दिसांनी आलीस," ती म्हणाली. "आन् भाऊ वाळलं की पार! काय झालतं?"

वृंदाताईंनी सगळं सांगितलं. आजाराचं नाव त्यांनी चोरलं नाही. नदीकाठी बसलेल्या आणखी दोघी-तिघी बाया ऐकायला सरकल्या. बकुळेने जांभळं मापता मापता हात थांबवला. "आमच्या जावंला पन तसंच म्हंत्यात. मीठ कमी झालंय. सलाईन लावून धाडलनी घरला. दोनदा झालं."

"तिला नेऊन परत दाखव," वृंदाताई म्हणाल्या. "घाबरू नकोस. बहुतेकांना साधंच काहीतरी असतं, एखादी गोळी नाहीतर उलट्या-जुलाब. प्रत्येकाला काही हे नसतं. पण एकदा झालं, परत झालं, तर डॉक्टरला नुसतं 'कधी वर येईल' विचारू नका. 'का कमी होतंय' ते विचारा. कळेपर्यंत विचारा. आणि घरातलं म्हातारं माणूस एकदम वेगळं बोलायला लागलं, जुन्या काळातच राहायला लागलं, तर गोड मानून घेऊ नका. मी मानून घेतलं होतं."

"इचारीन," बकुळा म्हणाली. "उद्याच धाडते तिला."

वाचकहो, वृंदाताईंनी जे सांगितलं त्यात मी काही भर घालावी असं नाही. आपल्या घरात ताप मोजतात, साखर मोजतात, रक्तदाब मोजतात, आणि आकडा जागेवर आला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. आकडा जागेवर येणं म्हणजे माणूस बरं होणं नव्हे. आपल्या माणसावर प्रेम असेल तर त्याला चार घास आवडीचे जरूर घाला, पण त्याच्या वतीने एक प्रश्नही विचारा. तो विचारायला आपण घाबरतो, हेच आपलं खरं दुखणं आहे.

पानाच्या द्रोणात टपोरी जांभळं घेऊन दोघं काठावर बसली. बकुळेने न मागता मीठ दिलं होतं, चिमूटभरच, कारण रक्तदाब अजून होताच. वृंदाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात काहीतरी आलं आणि त्यांनी धीर एकवटला.

"आठवतं का हो?" त्या म्हणाल्या. "आपण पहिल्यांदा आलो होतो इथे. मीठ नव्हतं, तर आनंदा भावजी पळत गेले आणि घेऊन आले."

मधूभाऊंचा जांभळाकडे जाणारा हात थांबला. त्यांनी चष्म्यावरून बायकोकडे बघितलं. आजारपणाआधी ते बघायचे, अगदी तसं.

"काहीतरीच काय बोलतेस! आनंदा कुठून येणार? तो आपल्या लग्नाच्या आधीच गेला. मीठ बकुळेने दिलं होतं, तिच्या भाकरीच्या फडक्यातलं. तुला ना, एक गोष्ट धड आठवत नाही!"

वृंदाताईंनी पदर डोळ्यांना लावला. जिभा दोघांच्याही जांभळ्या झाल्या होत्या.

"हो हो, चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "तुमचंच बरोबर." इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी इतक्या आनंदाने पहिल्यांदाच उच्चारलं होतं.